कानावरचे केस

“केस कापूनच आण त्याला, असं सांगितलं होतं ना मी?” नमिताचे आतेभाऊ गुंडुराव फाटकातच दबक्या आवाजात म्हणाले.

“वर्ष व्हायला अजून महिना आहे, गुंडण्णा,” नमिता म्हणाली. “बाबांसाठी ठेवलेत ते. कापणार नाही.”

“मग निदान टोपी तरी.”

श्रीहर्षने हेल्मेट काढलं. नंजनगूडपासून बोगादीपर्यंत हेल्मेटबाहेर राहिलेले केस वाऱ्याने पिंजून निघाले होते, आतले घामाने चिकटले होते. त्याने बोटं घातली, ती अर्ध्यावर अडकली. नमिताला भाऊ नव्हता, म्हणून सासऱ्यांना अग्नी त्यानेच दिला होता आणि मुंडणही त्यानेच केलं होतं. दाढी ऑफिससाठी काढावी लागली. वर्षश्राद्धापर्यंत केस न कापायचा नेम तेवढा नमिताच्या हट्टापायी राहिला. ऑफिसात त्याला स्वामीजी म्हणत.

“आत काही बोलू नकोस,” गुंडुरावांनी पुन्हा बजावलं. “डॉक्टरांनी काय सांगितलंय, लक्षात आहे ना? आईला धक्का नको.”

नमिताच्या लक्षात होतं. अकरा महिने ती दर रविवारी आत्याला फोनवर सांगत होती, बाबांचे कान गेलेत, त्यांना फोनवर ऐकू येत नाही. बाबांसाठी जिच्या गळ्यात पडून रडावं, अशी एकच बाई उरली होती आणि तिच्याशीच खोटं बोलायचं होतं. आज सांगायचं असं ठरवून ती निघाली होती.

अंबाबाई आत्या खिडकीजवळच्या खाटेवर बसल्या होत्या. श्रीहर्षला बघून त्यांनी डोळ्यांवर हात धरला.

“अय्यो, कोण रे हे? आमचे जावईबापू का? मला वाटलं, मठातून कुणी आलं.” मग त्यांचा आवाज उतरला. “तुझी आई बरी आहे ना रे?”

“बरी आहे, आत्या. बेंगळूरलाच आहे.”

“वडील तर तू लहान असतानाच गेले.” त्या पुन्हा त्याच्या केसांकडे बघू लागल्या. मग त्यांची नजर नमिताच्या पोटावर गेली. “मग गोड बातमी आहे म्हणा की! बायको पोटुशी असताना नवरा केस कापत नाही, ते अजून पाळता होय तुम्ही?”

तसं काहीच नव्हतं. नमिताने ते सांगायला तोंड उघडलं.

“हो, हो,” गुंडुराव मध्येच म्हणाले. “अजून कुणाला सांगितलेलं नाही त्यांनी, आई. म्हणून म्हटलं, तू पण...”

नमिताने त्यांच्याकडे असं बघितलं की ते कॉफी आणायच्या निमित्ताने आत गेले.

“तेलाची वाटी आण ग, नमी. आणि फणी. हे काय डोकं म्हणायचं?” अंबाबाईंनी श्रीहर्षला खाली, खाटेला टेकवून बसवलं.

“राहू द्या आत्या, मी घरी जाऊन...”

“सुम्मने बस, गपचिप. ओले केस बांधतोस ना? वास येतोय.”

“सकाळी वाळवत बसलो तर ऑफिसची बस चुकते, आत्या.”

“चुकू दे. कोंडा झालाय नुसता.” त्यांनी तळहातावर तेल घेतलं. “आणि वरून फणी ओढतोस, म्हणून गाठी घट्ट बसल्यात. टोकाकडून सोडवत यायचं. बाईच्या जातीला हे शिकवावं लागत नाही.”

“मी रोज सांगते,” नमिता म्हणाली. “ऐकतो कुठे?”

“ऐकेल. अजून किती दिवस वाढवायचेत?”

नमिता खिडकीचा गज धरून उभी राहिली. बाबांसाठी राखलेले केस आत्या बाळासाठी विंचरत होती. तिला गुंडण्णाचा राग आला, डॉक्टरांचा आला, मुकाट्याने मान खाली घालून बसलेल्या नवऱ्याचाही आला.

एकेक गाठ सुटत गेली. अंबाबाईंनी पुढचे केस श्रीहर्षच्या तोंडावरून खाली विंचरले. ते ओठांपर्यंत आले. मग त्यांनी कानावरची एक बट घेतली, मानेवरची एक घेतली आणि दोन्ही बोटांत धरून शेजारी शेजारी ताणल्या. दोन्ही सारख्याच भरल्या.

“गुंडूच्या वेळी ह्यांनी पण वाढवले होते,” त्या म्हणाल्या. “मागे मानेवर रुळायचे आणि कानावर आखूड. न्हाव्याने आधी जसे कापलेले, तसेच वाढणार ना ते. ध्यान दिसायचं नुसतं.” त्यांनी दुसऱ्या कानावरचीही बट ताणून बघितली. “ह्याचे सगळे एकसारखे आहेत. मुळापासून उगवल्यासारखे.”

गुंडुराव कॉफीचे पेले घेऊन दारात आले होते, ते तिथेच थांबले.

“मुलगा झाला तर नाव काय ठेवणार, नमी?”

“आत्ताच काय ते, आई,” गुंडुराव म्हणाले.

“तुला नाही विचारलं. नमीला विचारते.” अंबाबाईंनी फणी मांडीवर ठेवली. “तुझ्या बाबांचं, वेंकोबा, ठेवता येणार नाही. जिवंत माणसाचं नाव ठेवत नाहीत आपल्यात.”

बाहेर रस्त्यावर भाजीवाला कन्नडमधून ओरडत गेला.

“की ठेवता येईल?”

गुंडुराव दारातून नमिताला मानेने नको नको म्हणत होते. पेल्यातली कॉफी त्यांच्या हातावर सांडली.

“ठेवता येईल, आत्या,” नमिता म्हणाली.

अंबाबाईंनी दोन्ही हात श्रीहर्षच्या डोक्यावर ठेवले आणि बराच वेळ तसेच राहू दिले. डोळ्यांतलं पाणी त्यांच्या गालांवरून हनुवटीवर आलं.

“गुंडू,” त्या म्हणाल्या, “माझे हात तेलाचे आहेत. डोळे पूस.”