सोमवारचा मासा

"सोमवारी कोण आणतं इथं?" खुर्चीत बसल्या बसल्या एल्मर कुरकुरला. "सोमवारी लागलेला मासा परत सोडायचा, असा नियम. उद्या आलो असतो तर घरी नेता आला असता."

त्याची बायको आर्डिस काठाशी उभी होती. यलोस्टोन नदीचं मे महिन्यातलं गढूळ पाणी तिच्या बुटांना लागत होतं. शिसं बांधलेला गळ तिनं लांब भिरकावला आणि सगळं अंग मागे टाकून काठी हिसडली. दोर थोडा गुंडाळला, पुन्हा हिसडली. वल्हेमासा आमिषाला तोंड लावत नाही. गळच त्याच्या अंगात कुठंतरी अडकवावा लागतो.

"खांद्यानं नाही, कमरेनं ओढ!"

"तू तुझे टाके सांभाळ."

छातीच्या ऑपरेशननंतर एल्मरनं अख्खा हिवाळा खिडकीपाशी गप्प बसून काढला होता. काठीला हात लावायची डॉक्टरांची सक्त मनाई. सकाळी आर्डिसनं त्याला खुर्चीसकट गाडीत घातलं, तेव्हाही तो चकार शब्द बोलला नव्हता. नदीवर आल्यापासून मात्र त्याच्या तोंडाला खळ नव्हता.

काठी एकदम वाकली आणि तशीच राहिली.

"ओंडका," एल्मर म्हणाला.

ओंडका प्रवाहाविरुद्ध चालू लागला.

"लागला! काकूंना लागला!" काठावर एकच ओरडा झाला. दोन्ही बाजूंच्या लोकांनी आपापले गळ भराभर आत घेतले. शेजारचा डेल धावत आला आणि त्यानं मागून आर्डिसचा पट्टा धरला. "पाय रोवा, काकू!"

मासा वर गेला, मग खाली वळला. त्याच्यामागं आर्डिस आणि तिच्यामागं डेल, अशी वरात गोट्यांवरून घसरत निघाली. ती मोठमोठ्यानं हसत होती. शेवटी पाण्यातून आधी वल्ह्यासारखी लांब सोंड वर आली, मग राखाडी पाठ. जवळजवळ तिच्याएवढी.

"मासा ओढायची आकडी आण, डेल!"

"आज आकडी बंद, एल्मरकाका. हातानंच सोडवायचा. पण मी काकूंना सोडू कसा?"

एल्मर उठला आणि बुटांसकट पाण्यात शिरला.

"एल्मर! डॉक्टर काय म्हणाला?"

"काठी नको म्हणाला. पाण्याचं काही बोलला नाही."

गुडघाभर पाण्यात वाकून त्यानं पाठीतला गळ हलकेच काढला. दुसरा हात माशाच्या पोटाखाली गेला आणि तिथंच थांबला.

"आर्डिस," तो हळू आवाजात म्हणाला, "मादी आहे गं. गाबोळीनं टच्च भरलीय. ये, हात लाव."

काठी डेलच्या हातात कोंबून ती पाण्यात उतरली. दोघांनी मिळून मासळीचं तोंड प्रवाहाकडे फिरवलं. क्षणभर ती त्यांच्या हातांवर स्वस्थ राहिली. मग शेपटीचा असा फटकारा बसला की आर्डिस नखशिखान्त भिजली आणि एल्मर पाण्यात बसकण मारून, छाती दाबून धरत, खो खो हसू लागला.

"मुद्दाम आणलंस ना सोमवारी?" दम लागलेल्या आवाजात त्यानं विचारलं.

"मग काय? उद्या पहिलाच मासा लागला की त्याला परवान्याचा बिल्ला लावायचा नि घर गाठायचं. वर्षाला एकच न्यायची मुभा. आज सोडायचा वार. कितीही धरावेत, अंधार पडेस्तोवर."

तिनं त्याला हात देऊन उठवलं. तेवढ्यात पलीकडच्या काठावरून कुणीतरी हाक मारली, "काय हो, मासळी सुटली का?"

"सुटली नाही, सोडली!" एल्मर पाण्यातूनच ओरडला. "अंडी घालून सुटका व्हायचीय तिची अजून, नदीत वर जाऊन!"