एकही हुकला नाही

कान तपासणाऱ्या मुलीने म्हाताऱ्याला काचेच्या खोलीत बसवून हातात बटण दिलं. "काका, आवाज आला की दाबा."

म्हातारा जिवाचा कान करून बसला. दहा मिनिटांत त्याने चाळीसेक वेळा बटण दाबलं.

"अहो काका, मी आवाज सोडले बारा. बाकीचे कुठून आणलेत?"

"तुझ्या बारातला एखादा हुकला का?"

"एकही नाही. कान ठणठणीत आहेत तुमचे."

"मग ती गोळीच. त्या दुपारी सर्दीची गोळी घेतली, गुंगी आली, म्हटलं जरा पाठ टेकू. बायको अंथरुणाला खिळलेली, मला बोलवायला हिच्या उशाशी घंटी ठेवली होती. उठलो तर घंटी हिच्या मुठीत, आणि मूठ गार."

मुलीने मशीन बंद केलं. तरी म्हाताऱ्याने पुन्हा एकदा बटण दाबलंच.