भर दुपारचा दिवा

व्हिडिओ बघून सगळं जुनं घर स्वतःच दुरुस्त करायला निघालेल्या सुनेने मांडणी लावायला स्वयंपाकघराच्या भिंतीला ड्रिल लावलं, तर ते सुळकन आरपार गेलं. "गवंडी बोलाव म्हणून कानीकपाळी ओरडत होते मी!" सासूबाई कडाडल्या आणि त्यांची नजर ओट्यावर गेली. भोकातून आलेला उन्हाचा कवडसा त्यांनी चिरलेल्या कांद्यावर पडला होता. लग्न होऊन आल्यापासून या ओट्यापाशी त्यांनी भर दुपारीही दिवा लावूनच रांधलं होतं. सुनेने भिंतीवर टकटक केली. "आई, इथे वीटच नाही! खिडकी आहे, खिडकी! कुणीतरी फळ्या ठोकून दोन्हीकडून रंग फासलाय!" आनंदाने तिला नाचावंसं वाटलं, पण घर सासूबाईंचं. "बुजवू का भोक?" तिने चाचरत विचारलं. "बुजवतेस कसली? हातोडी आण," सासूबाईंनी बाह्या सरसावून दिव्याचं बटण बंद केलं. "पहिला घाव मी घालणार!"