वाळूची बादली

“पहिला हिवाळा त्याला मीठ दाखवायचं नाही, रेइनो. तान्हं असतं ते.”

बापाचा हा आवाज पन्नास वर्षांमागचा. पण ओल्या काँक्रीटवरून शेवटचा झाडू ओढताना रेइनोला तो आजही ऐकू आला, अगदी कानाशी. झाडूच्या बारीक रेघा तिन्ही पायऱ्यांवर उमटल्या. बर्फात माणसाचा पाय धरून ठेवतील अशा. तो मागे सरला. साठ वर्षांच्या त्या लाकडी घरापुढे नव्या पायऱ्या अशा दिसत होत्या, जणू म्हातारीनं नवे बूट घातलेत.

खाली सरोवरावरून वारा येत होता. ऑक्टोबरचे शेवटचे दिवस. रात्री गोठणार हे नक्की.

घराची मालकीण साइमा मागच्या दारानं वळसा घालून आली. एका हातात कॉफीची किटली, काखेत गोधड्या.

“झालं का, मिस्त्री?”

“झालं. पाया पाच फूट खाली नेलाय. जमीन तिथवर गोठत नाही. आता चाळीस वर्षं हलायच्या नाहीत. मुलाला सांगा, आई पायऱ्यांवरून पडेल ही काळजी सोड. आता काही तो तुम्हाला इथून नेत नाही.”

“चाळीस!” साइमा म्हणाली. “म्हणजे मी होईन एकशे आठची. नाचतच उतरेन मग.”

दोघांनी उभ्याउभ्या कॉफी घेतली, वेलदोड्याच्या पावाबरोबर. रेइनो तिसऱ्या तुकड्याला नको म्हणाला.

“घ्या हो. घरी कोण थांबलंय जेवायला? ते मांजर?”

त्यानं घेतला.

मग वाकून वरच्या पायरीला अंगठा टेकवला. वण उठला नाही. त्यानं प्लास्टिक अंथरलं, त्यावर पेंढा पसरला, आणि गोधड्यांसाठी हात पुढे केला. सगळ्यात वरची निळी चौकटींची होती, हातानं शिवलेली.

“ही नको. चांगली आहे.”

“चांगली आहे म्हणूनच आणली. तान्ह्याला काय फाटकं घालतात?”

आपण दर वर्षी ऐकवलेली बापाची बोली तिनं उचललेली ऐकून तो हसला. बाळंतिणीच्या खोलीत वावरावं तसा हळूहळू त्यानं गोधडीचा एकेक काठ खोचला. थोड्या वेळानं म्हणाला, “हात घाला बघू आत.”

साइमानं गोधडीखाली, पेंढ्याखाली हात सरकवला.

“अगंबाई! गरम आहे!”

“स्वतःची ऊब त्याची त्यालाच असते. आपण फक्त ती जाऊ द्यायची नाही.”

तिनं हात लवकर काढला नाही.

रेइनोनं थाप्या पुसल्या. एकेक करून कापडात गुंडाळल्या, नेहमीपेक्षा सावकाश.

“साइमाबाई, हे माझं शेवटचं काम. थाप्या पुतण्याला देऊन टाकणार आहे.”

“का? पाठ धरली?”

“पाठ नाही. हात गेला.” तो थाप्यांकडेच बघत बोलत होता. “या चढावरच्या निम्म्या पायऱ्या माझ्या हातच्या. एकीला तडा नाही. फक्त तुमच्या दारात... सहा वर्षं झाली. दर शरदात जुन्या पायऱ्यांना ठिगळ लावून जायचं, आणि दर वसंतात त्याच्या खपल्या निघायच्या. मला आधी वाटलं, मीठ. बर्फ वितळावा म्हणून माणसं टाकतातच, आणि ते नवं काँक्रीट खातं. पण तुम्हाला विचारलं तर तुम्ही दर वर्षी नाही म्हणालात. पाय घसरू नये म्हणून मिठाऐवजी टाकायला दारात वाळूची बादली ठेवलेलीच असते. मग दोष कुणाचा? ज्याला एक ठिगळ टिकवता येत नाही, त्यानं लोकांच्या घराला हात लावू नये.”

साइमानं दाराकडे बघितलं. दाराशी वाळूची बादली होती, काठोकाठ भरलेली. तिच्यात गवताची एक काडी कधीतरी उगवून, वाढून, वाळूनही गेली होती. रेइनोची नजर तिच्या नजरेमागून तिथं गेली आणि थांबली.

“ही बादली...” तो म्हणाला. “ही तुम्ही कधी...”

“कधीच नाही.”

“सहा वर्षांत?”

“एक मूठसुद्धा नाही.” साइमाचा चेहरा लाल झाला होता, वाऱ्यानं नव्हे. “तुमच्या हाताला काही झालेलं नाही, रेइनो. मीठ मी टाकत होते. बर्फ नसला तरी टाकत होते. तुमच्या ठिगळावर, मोजून, दर रविवारी.”

रेइनो तिच्याकडे बघतच राहिला. मग स्वतःच्या दोन्ही पंजांकडे बघितलं, उलटे केले, सुलटे केले. आणि असा हसत सुटला की छपरावरचे दोन कावळे उडाले आणि समोरच्या घरातला पडदा हलला.

“अहो, पण का? चांगल्या कामाचं का वाटोळं केलंत, बाई?”

“काय करू मग? ठिगळ टिकलं असतं, तर तुम्ही पुन्हा आला असतात?” तिनं निळ्या गोधडीचा सुटलेला काठ वाकून खोचला, आणि वर न बघता म्हणाली, “आता तर चाळीस वर्षं हलायच्या नाहीत म्हणता. मग उद्या तुम्हाला कॉफीला बोलवायला मी काय मोडू, तेवढं सांगून जा.”