बोटावरचं कुलूप

"काकू, माझ्या खोलीत पुन्हा कुणीतरी येऊन गेलं," मोनिका स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली. "दादा म्हणलेत, आता असं झालं तर सामान बांध आन् पिशोरला ये. कॉलेज बास."

नर्सिंगचं शेवटचं वर्ष होतं तिचं. कालिंदीनं गॅस बंद केला.

"काय गेलं?"

"गेलं काय नाय." मोनिका खाली बघू लागली. "पण आलतं कुणीतरी. मला कळतं."

कालिंदीच्या डोक्यात तिडीक गेली. परक्याची लेक आपल्या भरवशावर राहते आणि तिच्या बंद खोलीत भरदिवसा कुणी शिरतं म्हणजे काय!

सिडकोतलं हे घर कालिंदीच्या नावावर, पण कुलपं तिच्या नवऱ्याची. निवृत्त झाल्यावर केशवरावांनी हौसेनं प्रत्येक दाराला नव्या तऱ्हेचं कुलूप बसवलं होतं. बोट लावा नाहीतर आकडे दाबा. किल्ली नाही, त्यामुळे चोरी नाही, असं ते प्रत्येक भाडेकरूला ऐकवायचे. सगळा कारभार त्यांच्या फोनमध्ये.

आता ते कालिंदीहून जास्त भडकले. समोरच्या खोलीतल्या सत्यमला त्यांनी कॉलर धरून बाहेर ओढलं. पोरगा पाचोडचा, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा.

"काका, आईशप्पथ, म्या नाय गेलो! म्या सकाळपासून क्लासला व्हतो."

"गप! तिचा पंखा बसवून दिलास तेव्हा आकडे बघून ठेवलेस. पोरीच्या उशीखालची ओढणी उचकतोस? घरात आयाबहिणी नाहीत तुझ्या?"

सत्यमच्या डोळ्यांत पाणी आलं. मोनिकाचा चेहरा पांढराफटक पडला. ती कालिंदीकडे बघत राहिली.

 कालिंदीनं हात पदराला पुसले.

"असला माणूस या घरात आता क्षणभरही नको," ती म्हणाली.

"आत्ता कशी बोललीस!"

"पण त्याचं नाव कुलपातून मी काढणार. माझ्या हातानं. कसं काढायचं ते दाखवा."

केशवराव खूश झाले. एवढ्या दिवसांत बायकोनं पहिल्यांदाच कुलपात रस घेतला होता. नावावर बोट दाबून धरायचं, मग लाल खूण दाबायची, की बोट आणि आकडे दोन्ही गेले. त्यांनी तिच्याकडून दोनदा म्हणून घेतलं.

"फोन राहू द्या माझ्याकडे. तुम्ही जरा भाजी घेऊन या. तुमच्यासमोर उगाच मारामारी व्हायची."

"मी येईपर्यंत तो दिसता कामा नये."

"नाही दिसणार."

ते कोथिंबिरीची जुडी आणि वांगी घेऊन परतले, तेव्हा सत्यमच्या चपला दाराबाहेर तशाच होत्या. केशवरावांचं टाळकं सरकलं. त्यांनी दाराला बोट लावलं. लाल दिवा. बोट पुसून पुन्हा लावलं. लाल. आकडे दाबले. तरी लालच.

त्यांनी दारावर थाप मारली. "अगं, भलतंच नाव काढलंस की काय?"

आतून कडी सरकवल्याचा आवाज आला.

"नाव बरोबर काढलंय," कालिंदी म्हणाली. "ओढणी उशीखाली होती, हे मोनिकानं कुणालाच सांगितलं नव्हतं."