उणे नऊ

डोळ्याची लांबी सव्वीस पूर्णांक नऊ दशांश मिलिमीटर. उजव्या भुवईवर निळ्या पेनाची फुली. शाळेतल्या मागच्या बाकावरून येणारी हाक: ढापण्या. तेव्हा स्वतःच्या लग्नाला उरलेले पाच आठवडे.

मास्तर खुर्चीत तिसऱ्यांदा पाय बदलून बसला. निम्म्या शहराला त्याने गाडी शिकवली होती. आज मोतीबिंदू काढून भिंग बसवायचं होतं, पण डॉक्टरबाई मोजणीचा कागद हातातून सोडत नव्हत्या.

"मधुमेह?"

"नाही."

"डोळ्याला कधी मार लागलाय?"

"नाही."

"लहानपणी चष्मा?"

"नाही."

"अहो, यांना कुठला चष्मा," बायको मध्येच म्हणाली. "ढापणं सगळी माझ्या माहेरी. वडिलांची तर नजरच गेली. म्हणून लग्नाला माझी एकच अट होती, चष्मेवाला नको. तरी पोरीने माझंच उचललं. उणे अकरा."

डॉक्टरबाईंनी कागद मास्तरसमोर धरला. "इतका लांब डोळा बिनचष्म्याचा मी तरी पाहिला नाही. लेझरने नंबर घालवला असेल तर भिंगाचं आमचं गणित चुकतं. मग बसवलेलं भिंग परत काढायचं. असल्या डोळ्यात त्या खटाटोपात मागचा पडदा फाटू शकतो. मास्तर, एकदा आत नेल्यावर विचारून उपयोग नाही."

मास्तरचा पाय फरशीवर ब्रेक दाबत होता. फरशी थांबत नव्हती.

"अगं, जरा पाणी भरून आण."

"बाटली भरलेलीच आहे." ती हलली नाही.

"मग बाहेर हवेत तरी बस."

"मी काय अडचण आहे का?"

त्याने दाराकडे पाहिलं. डोळ्यात घातलेल्या थेंबांमुळे दार नुसतं पांढरं दिसत होतं.

"उणे नऊ," मास्तर म्हणाला. "दोन्ही डोळे. लग्नाच्या पाच आठवडे आधी लेझर केलं."

डॉक्टरबाईंनी लिहून घेतलं. "आज ऑपरेशन नाही. सगळं नव्याने मोजू." आणि त्या सिस्टरला हाक मारत बाहेर गेल्या.

बायकोने बाटलीचं झाकण घट्ट केलं. ते घट्टच होतं.

"म्हणजे पोरीला..." ती म्हणाली.

मुलगी चार वर्षांची असताना तिला चष्मा लागला. त्याच आठवड्यात बायको म्हणाली होती, आता दुसरं मूल नको, खोट माझ्याच रक्तात आहे. मास्तर 'बरं' म्हणाला होता.