नानांचा पहारा

लघवीत बुडवलेली पट्टी आजही जांभळी झाली नाही. मुलीच्या फिट्स थांबाव्यात म्हणून डॉक्टरांनी दिलेला, साखर पूर्ण वर्ज्य असलेला कीटो आहार रेवतीने तिसऱ्यांदा सुरू केला होता. दोनदा असाच फसला होता, आणि फिट्स परतल्या होत्या. रंग नाही म्हणजे साखर पोटात जातेय. पण कुठून?

“नाना, तुम्ही काही देता का हो तिला?”

“मी?” सासरे दुखावले. “परवा देवळातला पेढासुद्धा तिच्या हातातून काढून घेतला. औषधाखेरीज कणही देत नाही.”

“कुठलं औषध?”

नानांनी खिशातून होमिओपॅथीची बाटली काढली. “फिटचंच गं. चार गोळ्या सांगितल्यात, पण भीती वाटते, म्हणून मूठभर देतो.”

रेवतीने एक गोळी जिभेवर ठेवली. “नाना, ही साखरच आहे. आत्ताही दिल्यात?”

नानांनी होकारार्थी मान हलवली. फिट बोटांपासून सुरू व्हायची; दोघंही झोपलेल्या पोरीच्या बोटांकडे बघत राहिले.